आळीचा विचार करता

दत्तोपंतांनी शेवगावच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची सात अव्वल कारकून म्हणून. एवढ्या काळात आपण स्वतःचं असं एकही मत दिलं नाही, याचा त्यांना रास्त अभिमान होता. मत साहेबाचं, सही साहेबाची. कागद ज्या ज्या टेबलावरून जायला हवा त्या त्या टेबलावरून गेला आहे ना, एवढंच दत्तोपंतांनी पाहायचं. पेन्शनीत निघाल्यावर टेबलं गेली, सवय राहिली. भाजी कोणती करू, असं इंदूकाकूंनी विचारलं की ते म्हणत, "तुझं काय म्हणणं आहे ते आधी येऊ दे."

त्यांच्या परसातल्या खोलीत हन्ना राहत होती. दवाखान्यातली नर्स. नवरा शांतवन शाळामास्तर, स्वभावानं इतका गरीब की पोरं त्याच्याकडून पाढे म्हणवून घेत. ही दोघं एक्केचाळीस साली राहायला आली आणि आता चव्वेचाळीस चालू होतं. दत्तोपंतांचं धरून आळीत अकरा घरं, आणि मधल्या तीन वर्षांत त्या अकरा घरांत जेवढी पोरं जन्मली तेवढी सगळी हन्नाच्या हातांत पहिल्यांदा रडली.

आडावर ती स्वतः पोहरा टाकत नसे. घागर पायरीवर ठेवून उभी राही, आणि जी कोणी पाणी ओढत असेल ती पहिला पोहरा हन्नाच्या घागरीत ओती. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी ती इंदूकाकूंशी मागच्या दाराबाहेरून बोले. दुसऱ्या वर्षी उंबऱ्यात बसू लागली. तिसऱ्या वर्षी चुलीपासून दोन हातांवर पाट आला. ये असं कोणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. तिचा कप वेगळा होता खरा, पण तो नेमका कोणता हे आता इंदूकाकूंनाही आठवावं लागे. क्वचित त्यातून दत्तोपंतांनाच चहा मिळे. ते ओळखत, आणि गुपचूप पीत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना इंदूकाकूंचे बंधू नृसिंहराव नगरहून दोन दिवसांसाठी आले. ते वकील. परसात हात धुवायला गेले आणि हन्नाला पाहून परत आले.

"दाजी, या बाईंचं आळीला चालतं?"

"चालतं म्हणजे? तीन वर्षं झाली. कोणाची हरकत नाही."

"लेखी?" नृसिंहरावांनी विचारलं.

एवढंच विचारून ते दुसऱ्या दिवशी नगरला गेले. पण तो शब्द दत्तोपंतांच्या ताटाशेजारी बसून राहिला. चौतीस वर्षं ज्या माणसानं लेखी नसलेली गोष्ट घडलीच नाही असं मानलं, त्याच्याच परसात तीन वर्षं एक गोष्ट तोंडी चालू होती! आळीचा होकार त्यांना ठाऊक होता, तो फक्त कागदावर यायचा होता. मग हन्नाकडे कधी कोणाला बोट दाखवता आलं नसतं. तिच्या भल्यासाठीच त्यांनी कागद घडी घालून अर्धा समास पाडला आणि लिहिलं: 'विषय: परसातील खोलीत हन्नाबाई यांचे राहणेबाबत. सदरहू बाबतीत रहिवाशांची हरकत आहे किंवा कसे, ते नमूद करून सही करावी.'

पहिलं घर सहादेव वाण्याचं. त्यानं कागद दोनदा वाचला.

"पंत, कुणी तक्रार केली काय?"

"छे छे. आपलं लेखी असावं म्हणून."

"तक्रार न्हाई, मग इचारता कशाला?" सहादेवनं तराजू खाली ठेवला. "इचारताय म्हंजे कायतरी असणारच. माझं काय न्हाई बघा. त्या बाईनं माझ्या पोराचा टायफाईड काढला. पन मी एकट्यानंच हरकत न्हाई लिवली अन् बाकीच्यांनी लिवली तर?"

"तुझं काय आहे ते लिही."

सहादेवनं बराच वेळ घेतला आणि लिहिलं: 'माझी व्यक्तिशः हरकत नाही. परंतु आळीचा विचार करता हरकत आहे.'

कानिफनाथ शिंप्यानं आधी सहादेवचं वाचलं, मग मशीन थांबवून स्वतःचं लिहिलं. त्याचीही व्यक्तिशः नव्हती. त्याच्यापुढच्यानं दोघांचं वाचलं. असं करत नऊ घरं झाली आणि शेवटी शेवटी तर लोक नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहू लागले. ओट्यावर बसून दत्तोपंतांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पाहिला. एकाही घराची हरकत नव्हती. आळीची मात्र होती. आळी नावाचं बारावं घर त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

इथे शहाण्यानं कागद चुलीत घातला असता. पण दहावं घर राहिलं होतं, आणि अपुरं प्रकरण त्यांनी आयुष्यात कधी बंद केलं नव्हतं.

दहावं घर पुष्पावतीबाईंचं. म्हातारी एकटी राही, आणि महिनाभर तिच्या टाचेला चिघळलेली जखम होती. दत्तोपंत गेले तेव्हा तिचा पाय हन्नाच्या मांडीवर होता. हन्ना कापसानं जखम पुसत होती आणि म्हातारी तिला शिव्या देत होती.

"हळू की गं, मेले! पाय हाय का लाकूड?"

"लाकूड असतं तर एवढी बडबड केली नसती आजी. हलू नका." हन्नानं वर पाहिलं. "या काका."

दत्तोपंतांना परत फिरायचं होतं. पण म्हातारीनं हातातला कागद पाहिला होता.

"त्योच कागद व्हय? सहादेव म्हनला मला. समद्यांनी काय लिवलं?"

"सगळ्यांनी... एकच लिहिलंय."

"मग माझंबी त्येच. मी काय जगायेगळी हाय? आना अंगठा."

दत्तोपंतांनी शाईची डबी काढली. म्हातारीचा अंगठा नीट उमटेना. "हन्ना, धर गं जरा," ती म्हणाली. हन्नानं कापूस बाजूला ठेवला, तिचा अंगठा धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर नीट दाबला. रोज दवाखान्यात ती हेच करत असे.

"अंगठ्याला साक्षीदाराची सही लागते," दत्तोपंत म्हणाले. ते बोलले नव्हते, चौतीस वर्षं बोलली होती.

"ही हाय की. शिकल्याली हाय."

हन्नानं लेखणी घेतली. सही करण्याआधी कागद वाचायचा, हे तिला मिशनच्या शाळेत शिकवलेलं होतं. तिनं वरून खालपर्यंत वाचलं. मग 'समक्ष, हन्ना शांतवन' अशी स्वच्छ अक्षरात सही केली, कागद दत्तोपंतांच्या हातात दिला, म्हातारीच्या अंगठ्याची शाई स्पिरिटनं पुसून काढली आणि टाचेची पट्टी बांधून पूर्ण केली. गाठ नेहमीसारखीच घट्ट आणि सपाट होती. दत्तोपंतांनी ती गाठ पाहिली आणि त्यांना कागदापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हन्ना पुढच्या दाराशी आली. तीन वर्षांत ती या दाराशी कधी आली नव्हती.

"काका, शनिवारी आम्ही मिशनच्या आवारात राहायला जातो. खोली मोकळी करते."

"अगं, तो नुसता कागद आहे! तुझ्याच सोयीसाठी..."

"हो. मनातलं मला कुठं वाचता येतं, काका? कागद येतो."

ती गेली. इंदूकाकूंनी त्या दिवशी भाजी कोणती करायची ते विचारलं नाही. चहा मात्र आणून दिला, आणि तो हन्नाच्या कपातून होता. तो कप हातात धरून दत्तोपंत बराच वेळ बसले. पोहरा ओतताना कोणी नाटक केलं नव्हतं. सही करतानाही कोणी नाटक केलं नव्हतं. मग सहादेव खरा कुठला? आणि आपण? आपला तर त्या कागदावर अभिप्रायच नाही. आजवर या गोष्टीनं त्यांना शांत झोप लागत आली होती.

शनिवारी दुपारी छगनची बैलगाडी परसाच्या फाटकाशी लागली. सामान फार नव्हतं. पण मदतीला सगळी आळी आली. सहादेव सुतळी घेऊन आला. कानिफनाथानं भांड्यांना चिंध्या गुंडाळल्या. पुष्पावतीबाई लंगडत आली आणि ओट्यावर बसून हुकूम सोडू लागली.

"काय मास्तर," सहादेव गादी गुंडाळत शांतवनला म्हणाला, "चांगलं चाललं हुतं की इथं. मधीच हे काय काढलं?"

"आळीची हरकत आहे," शांतवन म्हणाला.

"कोन म्हनतं?"

"तुम्हीच लिहिलंत."

"मी? मी सोताचं न्हाई म्हनूनच लिवलंय! बाकीच्यांचं हुतं म्हनून..." सहादेवनं कानिफनाथाकडे पाहिलं. कानिफनाथानं पुष्पावतीबाईंकडे पाहिलं. पुष्पावतीबाई म्हणाली, "माज्याकडं काय बघतुयास? मी समद्यांच्या मागनं अंगठा दिला."

सगळे थोडा वेळ आळीला शोधत उभे राहिले. छगननं बैलांना उगाच हाक मारली.

"तो कागद आणा बघू," इंदूकाकू म्हणाल्या. "तुमचं म्हणणं कुठंय त्यात?"

"प्रकरण फिरवणाऱ्यानं अभिप्राय द्यायचा नसतो, इंदू."

"आणि हन्नाची सही आहे. तिचा अभिप्राय कुठंय? जिच्याबद्दल कागद, तिला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. चौतीस वर्षांत ज्याचं प्रकरण त्याला विचारायची पद्धतच नव्हती. दत्तोपंतांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मत आलं नाही. पण अंगणात हन्नाची पत्र्याची पेटी दोरीनं बांधून ठेवलेली होती, तिच्या कडीकडे त्यांचा हात गेला. सहादेवनं लगबगीनं दुसरी कडी धरली. पंतांसारखा माणूस ओझं उचलतोय म्हटल्यावर त्याला राहवेना. पेटी उचलली गेली आणि दत्तोपंत खोलीकडे चालू लागले.

"पंत, गाडी हिकडं हाय!"

दत्तोपंत थांबले नाहीत. पेटीची एक कडी खोलीकडे निघाल्यावर दुसरी धरणाऱ्याला गाडीकडे जाता येत नाही. सहादेव खोलीत गेला. तिथून बाहेर आला तेव्हा कोणी न सांगता त्यानं गाडीतली गादी काढली. कानिफनाथानं भांडी उचलली. इंदूकाकूंनी घागर घेऊन आड गाठला. एकानंही तोंडातून चकार शब्द काढला नाही. कारण काही बोलायचं म्हणजे मत द्यावं लागलं असतं.

दत्तोपंत हन्नापुढे येऊन उभे राहिले. धाप लागली होती.

"तुला विचारायचं राहिलं, पोरी. तुझं काय म्हणणं आहे?"

हन्नानं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. प्रत्येकाचं अक्षर तिला आता ठाऊक होतं.

"माझी व्यक्तिशः राहायला हरकत नाही, काका," ती म्हणाली. "पण आळीचा विचार मला करावा लागेल."

ती राहिली. सोमवारी पुष्पावतीबाईंची पट्टी बदलली, शिव्या खाल्ल्या. आडावर पहिला पोहरा तिच्याच घागरीत पडत राहिला. पण इंदूकाकूंच्या मागच्या दाराशी ती आता बाहेर उभी राहून बोले. पाट चुलीपासून दोन हातांवर मांडलेला असे, त्यावर मांजर बसे. आणि खोलीत पेटी दोरीनं बांधलेली तशीच होती. लागेल ते लुगडं हन्ना दोरी न सोडता फटीतून ओढून काढी. परसात फिरताना दत्तोपंत रोज खिडकीतून ती दोरी पाहत. एकदा त्यांना वाटलं विचारावं. मग वाटलं, विचारू नये. दोन्हींपैकी बरोबर कोणतं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. बंबाला सरपण कमी पडलं तेव्हा त्यांनी तो कागद आपणहून आत घातला, पण त्यानं दोरी सुटली नाही.

संक्रांत गेली, शिमगा गेला. पाटावर मांजराला पिल्लं झाली.

चैत्रातल्या एका सकाळी दत्तोपंत तोंड धुवायला परसात आले तर शेवग्याच्या झाडापासून खोलीच्या खुंटीपर्यंत एक दोरी ताणून बांधलेली होती. तिच्यावर धुतलेल्या पट्ट्या ओळीनं वाळत होत्या. दोरी ओळखीची होती. स्वयंपाकघरातून इंदूकाकूंचा आवाज आला, त्या मांजराला पाटावरून हाकलत होत्या.

दत्तोपंतांनी तोंड धुतलं आणि पंचा वाळत घालायला दोरीवर जागा आहे का ते पाहिलं. कडेला थोडी होती. हात पुढे गेला आणि थांबला. मग ते मागच्या दाराशी गेले आणि बाहेरूनच म्हणाले, "हन्ना, तुझी हरकत नसेल तर..."

"घाला की काका," आतून आवाज आला. "कशाला विचारता?"