वरचा कप्पा, खालचा कप्पा

मित्रांनो, सोलापूरच्या एका गोदामात, दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवून उभा केलेला काचेच्या दाराचा जो म्हातारा फ्रीज आहे, तो मी. बंद पडलेल्या फ्रीजचे दार घट्ट लावले तर आत कुबट वास धरतो, म्हणून ही फट. त्या फटीतूनच तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या आयुष्यातील एक गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही. तुम्हाला उलगडली तर बरे होईल.

आधी माझे काम सांगतो, कारण त्याविषयी लोकांचा गैरसमज असतो. मी थंडी तयार करीत नाही. माझ्या पोटातील उष्णता उचलतो आणि पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. आत जेवढे गार करावे, तेवढी मागे ऊब वाढते. एवढेच माझे शास्त्र.

कारखान्यातून निघालो तेव्हा एका शीतपेयाच्या कंपनीने मला विकत घेतले, अंगावर रंगीत चित्रे चिकटवली आणि टेंपोत घालून मैंदर्गीला पाठवले. तेथे बाजारात संगप्पाचे पत्र्याच्या छपराचे किराणा दुकान होते. कंपनीने मला त्याच्याकडे विनामूल्य ठेवले, पण अटी घातल्या. माझ्यात कंपनीच्या बाटल्यांखेरीज दुसरे काही ठेवायचे नाही आणि खप ठरल्याप्रमाणे झालाच पाहिजे. खप नसेल तर फ्रीज परत.

ते माझ्या वैभवाचे दिवस. शाळा सुटली की मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. त्यांच्या श्वासाचे धुके काचेवर उमटे. "अण्णा, मागची बाटली द्या की, पुढची गारच न्हाय!" असा त्यांचा हट्ट असे. संगप्पा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "ह्यो माझ्या दारातला हत्ती हाय, हत्ती!" मीही फुगून जरा जास्तच घुरघुरत असे.

संगप्पाची आई निंगव्वा गल्ल्याशेजारी बसून डाळी निवडत असे. दुपार झाली की तीही एक नारंगी बाटली घेई. एकदा तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना. सरकारी दवाखान्यातील निवेदिता सिस्टरांनी रक्त तपासले. साखर फार वाढली होती. इन्सुलिनची सुई सुरू झाली. "औषध गार जागी ठेवा," सिस्टर म्हणाल्या.

घरी फ्रीज नव्हता. संगप्पाने आईचा पानाचा स्टीलचा डबा रिकामा केला, त्यात ती इवलीशी बाटली ठेवली आणि माझ्या सर्वांत खालच्या कप्प्यात, नारंगी बाटल्यांच्या मागे सरकवली.

"कंपनीच्या माणसाला दिसलं तर?" निंगव्वाने विचारले.

"चुन्याची डबी हाय म्हणायचं. अन् कुटं बोलू नगंस, अव्वा."

येथूनच माझा गोंधळ सुरू झाला, मित्रांनो. वरच्या कप्प्यात साखरेचे पाणी आणि खालच्या कप्प्यात साखरेवरचे औषध. दोघांनाही मी सारख्याच निष्ठेने गार ठेवत होतो. मग मी कोण? रोग की उपचार?

पुढे गोड पेयांवरचा कर वाढला. संगप्पा डगमगला नाही. कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर. पलीकडे डिझेल स्वस्त मिळते म्हणून ट्रॅक्टरवाले टाक्या भरून येत, तसा माल आपणही आणू, असा त्याचा हिशोब. तो पहाटेच मोटारसायकलला दोन पोती बांधून अफझलपूरच्या बाजाराला गेला आणि दुपारी रिकामी पोती घेऊन परतला.

"तिकडंबी त्योच दर, अव्वा! केंद्र अन् समदी राज्यं एका पंगतीला बसून ठरवत्यात म्हणं."

निंगव्वा खुदकन हसली. "गावांवरनं भांडताना बरं एका पंगतीला बसत न्हाईत! कशापायी ठरवलं म्हणं?"

"लोकांनी गोड कमी प्यावं म्हणून. साखरेचा रोग वाढलाय म्हणं."

निंगव्वाने आपल्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिले. "मग बरं केलं की."

"बरं केलं? अन् दुकानाचं?"

ती पुन्हा डाळ निवडू लागली.

बाटली महागली तशी काचेवरची नाके कमी झाली. मुले समोरच्या गाड्यावर ताक पिऊ लागली. मग एके दिवशी कंपनीचा आशिष आला. मुलगा सज्जन होता, पण कपाळाला आठ्या होत्या.

"अण्णा, खप निम्म्यावर आलाय. ह्या महिन्यात माल उचलला नाही, तर फ्रीज न्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

संगप्पाचा चेहरा उतरला. उन्हाळा तोंडावर होता, छपराचा पत्रा आत्ताच तापू लागला होता. मी गेलो तर खालच्या कप्प्यातले औषध कोठे ठेवायचे? तो घाईने म्हणाला, "न्यायचं काय काढलंत, साहेब! दुप्पट माल टाका. एका बाटलीवर एक चॉकलेट फुकट लावतो. पोरं पळत येतील बघा."

आशिष निश्चिंत होऊन गेला. निंगव्वाने डाळीचे सूप बाजूला ठेवले.

"संगा, ह्यो खटाटोप कुणासाठी रं?"

"तुझ्या औषधासाठी! दुसरं कुणासाठी?"

"म्हंजे माझं औषध गार राहावं म्हणून शेजारच्या सृष्टीला चॉकलेट दावून साखर पाजणार व्हय? उद्या तिच्या पायाला जखम झाली, तर तिचं औषध गार ठिवायला कुणाच्या लेकरांना पाजायचं?"

मला माझे शास्त्र आठवले. माझ्या जाळीतून निघणारी ऊब मागच्या बोळात जात असे आणि त्या बोळातच सृष्टीच्या घराची खिडकी होती. हे मला कधी सुचलेच नव्हते.

निंगव्वाने स्वतः माझे दार उघडले, डबा पदराखाली घेतला आणि लंगडत दवाखान्याची वाट धरली. परतली ती निवेदिता सिस्टरांना घेऊनच. सिस्टरांच्या हातात मातीचे एक मडके होते.

"आजी, एवढे दिवस चोरासारखं लपवून ठेवलंत! मला विचारायचं तरी." त्यांनी मोठ्या भांड्यात ओली वाळू भरली, त्यात मडके रोवले, मडक्यात डबा ठेवला आणि वर ओले फडके टाकले. "सावलीत ठेवा, वाळू सुकू देऊ नका. चालू बाटली ह्यात राहील. न उघडलेल्या बाटल्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये मी सांभाळते."

संगप्पा मटकन पोत्यावर बसला. "म्हंजे ह्या धुडाची गरजच नव्हती?"

धूड! काल मी हत्ती होतो.

त्याने आशिषला फोन करून जादा माल नको म्हणून कळवले. मला न्यायला टेंपो आला, तेव्हा निंगव्वाने पदराने माझी काच पुसली. "लई राबलास रं," ती म्हणाली. त्या दिवशी मला आनंद झाला की दुःख, हे मला आजही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्या खालच्या कप्प्यावर त्या डब्याचा गोल डाग अजून आहे. उद्या कोणी मला पुन्हा चालू करील. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. मला गार ठेवणे येते, निवडणे येत नाही. माझ्यात जे ठेवाल, ते मी इमानाने सांभाळीन. म्हणून दार उघडण्यापूर्वी क्षणभर थांबा, आपण आत काय ठेवतो आहोत ते पाहा. आणि जमल्यास एकदा माझ्या पाठीमागे जाऊन पाहा, त्या बोळात कोणाची खिडकी आहे.