वाटणीत न बसलेली करवत

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव वाटणी. संस्कृतातल्या 'वण्ट्' या धातूपासून मी जन्मले. प्राकृतात त्याचं 'वंट' झालं. पुढे लोकांच्या तोंडी अनुस्वार झिजला आणि 'व'चा 'वा' झाला. वाटा आणि वाटप ही माझी भावंडं. एकाचे भाग करून ज्याचा त्याला देणे, हा माझा अर्थ. तोडण्यापेक्षा त्यात देणंच मोठं होतं.

एका सुताराच्या घरात माझे दिवस सुखाचे गेले. त्याला दोन मुलगे. आई सफरचंद पुढे ठेवून म्हणे, "वाटणी करा. कापेल त्यानं नंतर उचलायचं." कापायचा थोरलाच.

"दादा, तुझी फोड मोठी दिसतेय."

"मग ती घे. तोंड कशाला वाकडं करतोस?"

पुढे आईवडील गेले. भाऊ मिळून काम करू लागले. जाड ओंडके ते दोन मुठींच्या करवतीने कापत. एक भाऊ ओढी, तेव्हा दुसरा आपला हात सैल सोडी.

एकदा धाकट्याकडून दाराचं माप चुकलं. थोरला गिऱ्हाइकासमोर नको ते बोलून गेला. त्या दिवशी धाकट्याने माझं नाव काढलं.

थोरल्याने हत्यारांचे दोन ढीग केले. वडिलांचा रंधा, धारदार पटाशा, चांगलं ते सगळं एकाच ढिगात ठेवलं. करवत मात्र भिंतीवरच राहू दिली. धाकटा तिच्याबद्दल विचारेल, मग 'ती एकट्याने चालत नाही, तू थांब' असं म्हणता येईल, एवढीच त्याची आशा होती.

धाकट्याने दोन्ही ढीग पाहिले आणि बोथट हत्यारांचा उचलला.

"अरे, तो नको. हा घे."

"असू दे, दादा. तुला लागेल."

दारातून तो वळला. "करवत राहिली."

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. मनात जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

"राहू दे," तो म्हणाला.

धाकटा गेला. थोरला अजून तिच्या दातांना तेल लावतो आणि पुन्हा खिळ्यावर अडकवतो.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण माझं नाव काढण्याआधी मनातलं बोलून घ्या. ढीग झाल्यावर मला काही सांधता येत नाही. मला ते कुणी शिकवलंच नाही.