हलका माल

“पिशवीवर नाव नसतं, काटेकोर. नंबर असतो,” सुपरवायझर म्हणाला आणि चहावर फुंकर घालत राहिला. “आणि त्या नंबराच्या मागे काय आहे, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही.”

“डॉक्टरांनी आजच्या आज मागितलंय.”

“मग सांग त्यांना, पांढरा माल आहे. हलका आहे. झालं.”

काटेकोर हलला नाही. त्याचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. एकवीस वर्षं तो तपासणीच्या खोलीत काट्यापुढे बसत होता आणि ग्रॅमभरही इकडचं तिकडे होऊ देत नव्हता, म्हणून कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कारखाना सिगारेटचा. तीन वर्षांपूर्वी तिथे हा नवा माल यायला लागला होता. मोहरीएवढे पांढरे दाणे, आत नुसती भोकंच भोकं. ते तंबाखूत मिसळले की तेवढ्याच तंबाखूत कितीतरी जास्त सिगारेटी भरत. लिटरभराचं माप काठोकाठ भरायचं, वरून पट्टी फिरवून सपाट करायचं, काट्यावर ठेवायचं. नव्वद ग्रॅमच्या आत आला तर पास. जितका हलका तितका चांगला. आजवर एकही खेप नापास झाली नव्हती, आणि प्रत्येक कागदावर सही काटेकोरची होती.

मिसळण्याआधी हा माल चाळावा लागे. मागच्या बाजूच्या खोलीत चार बायका चाळण्यांवर बसत. त्यातली एक काटेकोरची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, तेव्हा त्यानेच शब्द टाकून तिला इथे लावलं होतं. “बसून करायचं काम आहे,” त्याने तिला सांगितलं होतं. “हलकं आहे एकदम.”

गेल्या पावसाळ्यापासून ती खोकत होती. आता दोन महिने घरीच होती. सकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना ती सातव्या पायरीवर थांबली, कठड्याला धरून हसली आणि म्हणाली, “तू पुढे हो रे दादा. मी माझा जीव गोळा करून आणते.”

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. “कसल्या धुळीत काम करतात या? काही धुळींचा त्रास औषधाला दाद देतो, काहींचा नाही. नेमकी कशाची आहे ते कळलं, तर मला काहीतरी करता येईल.”

त्या ‘काहीतरी’वरच तो बहिणीला घरी सोडून धावत कारखान्यात आला होता.

स्टोअरकीपरने रजिस्टर दाखवलं. तिथेही नंबरच. रिकाम्या पिशव्या तपासल्या, तर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी प्रत्येकीवरून खरवडून काढलेली. मग तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. एकवीस वर्षांत तिसऱ्यांदा.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. शांतपणे ऐकून घेतलं. “बहिणीचं ऐकून वाईट वाटलं,” ते म्हणाले. “पण मालात काय असतं, ते आमचं गुपित असतं. उद्या दुसऱ्या कारखान्याला कळलं तर?”

“साहेब, मी कुणाला सांगणार? डॉक्टरांना फक्त.”

“आणि हा खोकला इथलाच कशावरून? घरात चूल असेल, धूर असेल.”

“गॅस आहे, साहेब.”

“मग बाहेरची हवा असेल,” साहेब म्हणाले आणि पुढ्यातला कागद ओढून वाचायला लागले.

तपासणीच्या खोलीत परतल्यावर त्याने चष्म्याच्या डबीतून चष्मा काढून खिशात घातला आणि डबीत माल भरला. चाळणीखाली साठते तशी बारीक भुकटी, पिशवीच्या तळातली, मुद्दाम तीच. घाईत निम्मी टेबलावर सांडली. त्याने कधी कारखान्यातली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

फाटकावर प्रत्येकाची झडती होई. सिगारेटी चोरीला जाऊ नयेत म्हणून. वॉचमनने खिसे चाचपले, डबी हाताला लागली तशी उघडली. पांढरी भुकटी भुस्सकन उडाली आणि त्याच्या मिशीवर बसली.

“चष्मा आहे,” काटेकोर म्हणाला.

वॉचमनने डबी मिटली. “दिसतोय की,” तो म्हणाला. “जपून न्या, काच फुटेल. आणि… ताईला विचारलंय म्हणून सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी भुकटी खालच्या प्रयोगशाळेत पाठवली. तो बाकावर बसून राहिला. समोरच्या भिंतीवर थुंकू नका असं लिहिलेलं होतं. ते त्याने किती वेळा वाचलं कोण जाणे. कळलं की औषध ठरेल, औषध ठरलं की उतार पडेल, असं तो मनाशी घोकत होता. दीड तासाने त्याला आत बोलावलं.

“भाजून फुगवलेला दगड आहे हा,” त्या म्हणाल्या. “काचेच्या जातीचा. त्यात गारगोटीची बारीक पूड मिसळलीय. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते.”

“म्हणजे कळलं ना आता?” तो खुर्चीच्या कडेवर आला. “मग औषध…”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “ही पूड आत गेली की तिथेच रुतते. बाहेर येत नाही. धाप थोडी कमी लागावी म्हणून औषधं देते, पुढे घरी ऑक्सिजन लागेल. पण झालेलं भरून येणार नाही.”

“दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर?”

“न्या ना. मी चिठ्ठी देते. पण ते हेच सांगतील.”

“माझं एक फुप्फुस देता येतं का हो? ऐकलंय मी, देतात म्हणून.”

“तुमचं वय, तुमची छाती… नाही. तसं नाही होत.” मग त्यांनी विचारलं, “तिथे अजून कोण बसतं?”

“तिघी.”

“त्यांना आधी उठवा.” त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं, खाली सही केली, शिक्का मारला.

तो परत आला तेव्हा चाळणीच्या खोलीत तिघी नव्हत्या, चौघी होत्या. बहिणीच्या स्टुलावर एक नवी बाई बसली होती. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या झालेल्या. मोठ्या खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात सगळी खोली तरंगत असल्यासारखी दिसत होती.

“उठा,” तो म्हणाला. “चौघीही उठा. ही धूळ छातीत बसते. डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे बघा.”

त्याने कागद वाचून दाखवला. आवाज फुटत होता, तरी शेवटपर्यंत वाचला. चाळण्या थांबल्या होत्या. नवी बाई रुमाल खाली ओढून त्याच्याकडे बघत होती.

“काका, आठ महिने घरी बसून होते मी. आज पहिला दिवस आहे माझा. आणि एक सांगा,” ती म्हणाली, “हा माल पास कोण करतं? तुम्हीच ना?”

तिच्या विचारण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. पाठ वळवून तो बाहेर पडला.

तपासणीच्या टेबलावर दुपारच्या खेपेची पिशवी येऊन पडली होती. त्याने माप भरलं, पट्टी फिरवली, काट्यावर ठेवलं. चौऱ्याऐंशी. त्याने फॉर्मात चौऱ्याऐंशी लिहिलं आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, ‘नापास’ लिहिलं.

सुपरवायझर कागद घेऊन धावत आला. “अरे, चौऱ्याऐंशी आणि नापास? चुकलास का?”

“नाही.”

“मग कारण काय?”

“माणसांच्या छातीत जातो.”

“असा रकाना फॉर्मात आहे का?”

“नाही. म्हणून बाजूला लिहिलंय.”

सुपरवायझर खालच्या आवाजात म्हणाला, “आपण दोघं एकाच दिवशी लागलो इथे. नऊ वर्षं राहिलीत तुझी. दुसरा फॉर्म देतो, गपचूप भर. ताईला तरी काय खायला घालणार आहेस?”

काटेकोरने दुसरा फॉर्म घेतला. चौऱ्याऐंशी लिहिलं. नापास लिहिलं. तिसरा सुपरवायझरने दिला नाही.

साहेब स्वतः आले. आवाज न चढवता त्यांनी तपासणीच्या खोलीची किल्ली मागितली. काटेकोरने ती दिली. त्याच्या खुर्चीत पॅकिंगमधल्या कारकुनाला बसवलं. कारकुनाने काट्याकडे बघितलंही नाही, सही केली. पाव तासात मिसळायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला.

तो फाटकाबाहेर पडून बरंच अंतर चालला, तेव्हा मागून पावलं ऐकू आली. चाळणीवरची सगळ्यात जुनी बाई होती, दम लागलेला. मान खाली घालून तिने विचारलं, “भाऊ, ते हॉस्पिटल कधी उघडं असतं?”

“सकाळी नऊला. मी येतो बरोबर.”

तिने मान हलवली आणि परत कारखान्याकडे गेली. सुट्टीला अजून दोन तास होते.

घरी बहीण खाटेवर उशांना टेकून बसली होती, मांडीवर कंगवा. केस मोकळे सुटलेले. “आज लवकर? काटा बिघडला वाटतं,” ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने नजर वळवली. “बरं. काय म्हणाल्या बाई, ते नंतर सांग. आधी हे कर. दोनदा हात वर केले, दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली.”

तो तिच्या मागे बसला. “मला कुठे येतंय गं.”

“तीन बटा करायच्या. डावीकडची मधे, उजवीकडची मधे. दोऱ्या वळतोस ना, तसं.”

त्याने केस विंचरले. मुळाशी हात लागला तसे तिचे खांदे श्वासाबरोबर केवढे वर उचलले जातात, ते त्याला कळलं. त्याने तीन बटा केल्या. एक हातातून निसटली. पुन्हा धरली.

“घट्ट घाल,” ती म्हणाली. “सैल घातलीस तर सुटेल.” एवढ्या बोलण्याने तिला खोकला आला. वेणी अर्धी झाली होती. त्याने तिन्ही बटा तशाच दोन्ही हातांत धरून ठेवल्या, आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तो हलला नाही.