पाठीची गोळी

साखराबाईच्या डोक्याचं पार दही झालं होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिचा तीन दिवसांचा नातू किंचाळत होता, हातपाय थरथरत होते, छातीशी धरलं तरी दूध ओढत नव्हता, आणि डॉक्टरीणबाईंचं आपलं एकच पालुपद: बाळंतिणीनं गरोदरपणी कुठलं औषध घेतलं होतं?

"किती येळा सांगू? न्हाई घेतलं!" साखराबाई करवादली. "माझी सून हाय ती. आठव्या महिन्यापतूर आमच्यासंगं ऊस तोडला तिनं, मोळ्या वाहिल्या, पर साधी तापाची पुडी खाल्ली न्हाई. काढा बी मीच बंद केला, पोटातल्या लेकराला बाधंल म्हणून."

खाटेवरच्या वनितानंही मान डोलावली. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त तपासायला पाठवलं, परत आल्या आणि पुन्हा तेच. "आजी, नीट आठवा." एवढं शिकून या बाईला साधी नजर लागलेली ओळखता येईना, म्हणून साखराबाई मनातल्या मनात चरफडली.

उभं राहून तिची कंबर भरून आली. तिनं कमरेची चंची सोडली, एक कॅप्सूल काढली आणि पाण्यासोबत गिळली.

"हे काय घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे व्हय? काय न्हाई. पाठीची गोळी हाय."

"मग हे औषध नाही?"

"औषध आजारी माणूस खातंय, बाई. ही कामाची गोळी. टोळीत समदेच खातेत. ही घेतल्याबिगर कोयता उचलत न्हाई."

"वनितापण घ्यायची?"

"मग! मीच द्यायची की रोज चहासंगं तिच्या हातावर. सातवा लागला तवा दोन-दोन दिल्या. खाडा पडू नये, अन् पोरीचं दुखू बी नये..."

बोलता बोलता तिचा आवाज उतरला. डॉक्टरीणबाईंनी चंचीतली एक गोळी हातात घेऊन पाहिली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. ती अफूच्या जातीची गोळी होती; तिनं आईची पाठ दुखायची थांबायची, पण ती गोळी बाळापर्यंतही जायची. त्याच्या कोवळ्या मेंदूला तिची सवय लागली, आणि नाळ तुटल्यावर गोळी एकदम बंद झाली, म्हणून हा थरकाप. तो औषधानं उतरवू, त्या म्हणाल्या. पण पुढं पोर कधी बसतंय, कधी बोलतंय, यावर लक्ष ठेवावं लागेल.

साखराबाईला आधी मुकादमाचा राग आला, तो गोळ्यांचा डबा टोळीत ठेवायचा म्हणून. मग न विचारता गिळणाऱ्या सुनेचा आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही केल्या जाईना.

तेवढ्यात पोरानं पुन्हा टाहो फोडला.

"आत्याबाई, गप करा ना त्याला," वनिता रडवेली होऊन म्हणाली.

साखराबाईनं नातवाला उचलून छातीशी धरलं. "रडू दे गं. तीन दिस झाले, हे एकटंच खरं सांगायलंय, अन् आपण त्यालाच गप करायलोत."