पुठ्ठ्यात बांधलेलं गाढव

बाइंडरकाकांनी कापडी गाढव कपाटातून उचललं, फडक्यानं त्याची पाठ पुसली आणि तेवढ्यानंच गाढवाचं पोट उसवलं. झालं एवढंच, पण काकांनी आधी घड्याळ बघितलं.

हे गाढव आक्कानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, बासष्ट वर्षांपूर्वी एका सुट्टीत स्वतःच्या हातानं शिवलं होतं. आईच्या जुन्या निळ्या परकराचं अंग, बटणांचे डोळे, एक कान जरा लांब. पुढे भावंडांची घरं वेगळी झाली तसा घराण्यात नियमच पडून गेला होता की गाढव ज्याच्या घरी, वर्षअखेरची सुट्टी त्याच्या घरी. भावंडं, सुना, जावई, नातवंडं, सगळी तिथे आठवडाभर मुक्काम ठोकत आणि गाढव जेवणाच्या टेबलावर मधोमध बसे. सगळ्यांच्या आधी आक्का येऊन त्याची तपासणी करी. हयगय दिसली की गाढव दुसऱ्या घरी रवाना. मधल्या भावाकडून ते चहाच्या एका डागापायी काढून घेतलं होतं.

काका एकटे राहत. वर्षातले एकावन्न आठवडे त्यांच्या घरात आवाज असा काय तो घड्याळाचा. बावन्नावा आठवडा गाढवाच्या जिवावर होता.

आज सुट्टीचा पहिला दिवस, आणि आक्का तपासणीला अकराला येणार होती. आता साडेआठ झाले होते.

"घाबरू नकोस," काका गाढवाला म्हणाले. "चाळीस वर्षं शिवायचंच काम केलंय मी."

ते खोटं नव्हतं. फक्त ती चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं शिवली होती.

उसवलेल्या पोटातून आतलं भरण बाहेर आलं. तो कापूस नव्हता, चुरगळून कोंबलेले कागद होते. काकांनी एक उलगडला. कोपऱ्यात आकडा होता, चौदा. त्याला चिकटून निघालेल्या दुसऱ्यावर होता तीन.

शहाण्या माणसानं कागद परत आत ढकलून वर चार टाके घातले असते. पण काकांच्या हातून आयुष्यात एकही पान मागेपुढे लागलं नव्हतं. चौदाच्या शेजारी तीन ठेवून वर शिवून टाकायचं? मन धजेना. बाइंडरांची रीत अशी, की मजकूर वाचायचा नाही, फक्त आकडा बघायचा. वाचत बसलं की पान निसटतं. त्यांनी सगळे कागद उलगडले, हाडाच्या पट्टीनं सपाट केले, क्रमानं लावले, आरीनं भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायला घेतले. काकांचे हात चालू लागले की डोकं थांबायचं.

डोकं पुन्हा सुरू झालं तेव्हा पावणेअकरा वाजले होते. पुठ्ठ्यावर निळं कापड चढलं होतं. पुढच्या बाजूला तोंड, मागच्या बाजूला शेपूट, खाली चार पाय लोंबत होते. कण्यावर आयाळ मात्र अगदी सरळ आली होती. इतकी सरळ ती पूर्वी कधीच नव्हती.

बेल वाजली.

"कुठंय?" आक्कानं चपला काढता काढता विचारलं.

"शिकंज्यात आहे."

"कशात?"

"दाबून ठेवलंय. खळ वाळेपर्यंत."

आक्कानं शिकंजा बघितला आणि ती स्टुलावर बसली. "तू गाढवाचं पुस्तक केलंस?"

"मी पोट शिवायलाच घेतलं होतं गं."

"आणि शिवता शिवता पुठ्ठा लागला?"

"बत्तीस पानं आहेत आक्का. पुठ्ठ्याशिवाय तग धरला नसता."

आक्का ताडकन उठली. "पानं... वाचलीस तू?"

"छे! नुसती लावली. एकही गहाळ नाही," काका जरा अभिमानानं म्हणाले.

आक्कानं शिकंज्याचा दांडा स्वतःच फिरवला आणि गाढव उघडलं. आत तिचंच बालपणीचं अक्षर होतं. गणिताच्या चार चाचण्यांची अख्खी वही. हौदाला दोन नळ, एक भरतो, एक रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? खाली आक्कानं लिहिलं होतं, 'आधी खालचा नळ बंद करा.' शेजारी लाल शून्य. पान उलटलं, तिथेही शून्य.

काकांनी ती शून्यं पुन्हा एकदा बघितली. घराण्यातल्या प्रत्येक पोराचं प्रगतिपुस्तक आक्का तपासायची आणि नव्वदच्या खाली मार्क असले की तासभर बोलायची.

"बाबांना दिसू नयेत म्हणून लपवायला जागा हवी होती," ती म्हणाली. "म्हणून गाढव. तर तुम्ही सगळे लागलात नाचायला, किती मायेनं केलंय म्हणून! मग कुठल्या तोंडानं सांगू?"

काकांच्या मते सगळं संपलंच होतं. ते जुनं वर्तमानपत्र घेऊन आले. "गुंडाळून देतो. मधल्याकडेच जाणार ना आता?"

"मधल्याकडे?" आक्का ओरडली. "औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचतो तो मेला! आणि आपली धाकटी बहीण तर मोठ्यानं वाचेल. बत्तीस पानं हातात येऊन एक अक्षर न वाचणारा माणूस या घराण्यात तू एकटाच. इथून हलायचं नाही हे. दोरा आण."

"कुठला?"

"मेणाचा. तिन्ही कडा शिवून टाक. तुला येतंय तेवढं घट्ट."

काकांनी शिवलं. मध्ये एकदा ते थांबले. "आक्का, इथं 'पालकांची सही' लिहिलंय. ती राहिलीय."

"मग कर की."

"मी? मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे."

"आता दुसरं कोण उरलंय करायला?"

काकांनी पेन दोनदा झटकलं आणि जपून सही केली. मग उरलेली कड शिवली.

एकच्या सुमारास जिना दणाणू लागला. मधल्या भावानं टेबलाकडे बघून कपाळावर आठ्या घातल्या. "गाढव पार चपटं झालं की!"

"वय झालंय त्याचं," आक्का म्हणाली. "तू काय फुलतोयस का? बस जेवायला."

तो बसला. सगळेच बसले. चार खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा काका शेजारच्या दाराशी गेले. एरवी त्या दारापुढून ते मान खाली घालून जात.

"खुर्च्या मिळतील का?" त्यांनी विचारलं, आणि कुणी कारण विचारण्याआधीच, जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे माणसं आलीत."