सवतीला दिलेला चाप

मी रायफल बोलतेय. दचकू नका, आजवर कागदाखेरीज मी कुणालाही मारलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत आमच्यासारख्यांना एकच काम. वाळूच्या पिशव्यांवर निवांत पडायचं आणि शंभर यार्डांवरच्या कागदात पाच गोळ्या एकाच भोकातून घालायच्या. त्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसं शनिवारची सबंध सकाळ वाऱ्याच्या निशाणांकडे बघत बसतात. त्यांच्या बायका विचारतात, एकाच भोकातून घालायच्या, तर पाच कशाला? याचं उत्तर अजून कुणाला सुचलेलं नाही.

हार्लन झर्बीनं मला त्याच्या गॅरेजमध्ये घडवलं, अख्ख्या पोलादी दांड्यातून, त्याच्या मित्रासाठी. हा मित्र म्हणजे ऑर्विल स्टुट्झमन, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा. मी हार्लनचं पहिलं स्वतंत्र काम, त्यामुळे पहिली पोळी जशी किंचित वाकडी होते तशी मीही झाले.

माझा दोष सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आमचा बोल्ट, म्हणजे गोळी आत कोंडणारा दांडीचा अडसर, उघडला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि गोळीवर आदळणारी पिन मागे ताणून बसते. बंद करताना चापानं ती पिन अलगद झेलायची असते. माझा चाप उतावळा. केसभर आधीच झेलायचा. मग दांडी खाली आणताना शेवटी उरलेली स्प्रिंग बोटानं दाबावी लागे, आणि तेवढ्यात मी पिशव्यांवर जराशी कूस बदलत असे.

ऑर्विलनं तक्रार केली नाही. दांडी खाली दाबताना त्यानं अंगठा माझ्या पोटाला खालून लावायला सुरुवात केली. तर्जनी वरून खाली दाबणार, अंगठा खालून वर रेटणार, चिमटीत धरल्यासारखं. मी जागची हलायची थांबले. पुढे पुढे तो अंगठा लावतोय हे त्यालाही कळेनासं झालं.

"अरे आण ना तिला," हार्लन दरवर्षी म्हणायचा. "एका दुपारचं काम आहे. मला लाज वाटते, माझं नाव आहे तिच्यावर."

"राहू दे. आमचं जमलंय."

आमचं जमलंय! हे वाक्य मी आयुष्यभर जपलं. माझ्या कितीतरी नळ्या झिजल्या, बदलल्या, पण चाप तोच आणि अंगठाही तोच.

मग नेमबाजीच्या क्लबातली मंडळी टोमणे मारू लागली. "ऑर्विल, आजीबाईंना थंडीत कशाला बाहेर काढतोस?" त्यानं दोनदा हसून सोडून दिलं. तिसऱ्यांदा हार्लनकडे नवीची मागणी नोंदवली. पुरुषांना तिसरा टोमणा सोसत नाही.

नवी आली तेव्हा मी हार्लनच्या भिंतीवर टांगलेली होते. मला तिथे नेलं ते माझी दुर्बीण काढून तिला चढवायला. घरातल्या थोरलीच्या अंगावरचे दागिने उतरवून धाकटीला घालावेत, आणि थोरलीनं ते भिंतीवरून बघावं! त्यात हार्लन तिचे लाड करत होता. पिनच्या टाचेला काळी शाई फासायची, बोल्ट मिटायचा, उघडायचा, शाई कुठे खरवडली ते भिंग लावून बघायचं, धार लावायच्या दगडावर एक हलका हात, पुन्हा शाई. माझ्या वाट्याला कधी भिंग आलं नव्हतं. शेवटी तिचा बोल्ट असा मिटायला लागला, की दांडी बोटाच्या वजनानंच खाली जाई. हार्लननं शीळ घातली. मला गंज चढतोय की काय असं वाटलं.

पण शनिवारी ऑर्विल तोंड पाडून गॅरेजमध्ये आला. पाठोपाठ अर्लीन, त्याची बायको, सूपचं भांडं घेऊन.

"हिच्या चापाचं टायमिंग बिघडलंय," ऑर्विल म्हणाला. "गोळ्या वर पसरतायत. पुढच्या आठवड्यात हंगामातली शेवटची स्पर्धा आहे, हार्लन!"

हार्लननं शाई फासली, बघितलं. तिच्यात काही खोट नव्हती. मागच्या कुरणात नेऊन त्यानं स्वतः पाच गोळ्या झाडल्या. एक भोक. परत येऊन त्यानं तिला टेबलावर पिशव्यांवर ठेवलं.

"दुर्बिणीतल्या फुलीकडे बघत राहा आणि नुसता बोल्ट मीट."

ऑर्विलनं मिटला. "फुली वर उडाली!"

"आता मी मिटतो. हलली?"

"नाही."

"तुझा अंगठा कुणाला ढकलतोय, बाबा? दाबायला खाली काही उरलेलंच नाही, आणि तू वर रेटतोयस."

ऑर्विलनं आपल्या अंगठ्याकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. अंगठा आवरून त्यानं पुन्हा मिटला. पुन्हा फुली उडाली.

"मग जुनीच घेऊन जा की," अर्लीन म्हणाली. "टांगलीय ना ती तिथे."

बाईमाणसालाच बाईमाणसाचा कळवळा येतो! ऑर्विलनं मला खाली काढून पिशव्यांवर ठेवलं. बोल्ट मिटला. शेवटची ती अडखळ, खालून अंगठा, मी जागच्या जागी. त्याचा चेहरा खुलला. दुर्बीण परत चढवायला असा कितीसा वेळ लागणार? मी मनातल्या मनात स्पर्धेला निघालेसुद्धा. टेबलावरच्या धाकटीकडे मी एकदा सावकाश पाहून घेतलं.

"बघितलंस?" ऑर्विल म्हणाला. "हे असं पाहिजे. नवीला हिच्यासारखी कर."

"डोकं फिरलंय का तुझं? हा दोष काढायला शिकण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तू म्हणतोस घाल?"

"माझा अंगठा आठवड्यात बदलणार नाही. तुझा चाप बदलेल."

 हार्लननं पेचकस उचलला. मला वाटलं, तिच्याकडे वळेल. तो माझ्याकडे वळला. चापाच्या दोन खिळी ठोकून त्यानं माझा चाप काढला, पुसला आणि तिच्या पोटात बसवला. बोल्ट मिटला. शेवटी ती अडखळली, हुबेहूब माझ्यासारखी.

रूप तिचं होतं, नळी तिची होती, भिंगाखालचे लाड तिचे होते. माझा म्हणून जगात एकच दोष होता, तोही तिला दिला.

स्पर्धेत तो पहिला आला. बक्षिसाची चकती मिरवत तो गॅरेजमध्ये आला तेव्हा अर्लीननं विचारलं, "मग, नवी कशी आहे?"

"नवी कुठली?" तो म्हणाला. "ही तीच आहे."

मी भिंतीवर होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

आता येणारेजाणारे गंमत म्हणून माझा बोल्ट उघडतात, मिटतात. पिन झेलायला आत कुणी नाही, त्यामुळे दांडी लोण्यातून उतरावी तशी खाली येते. "काय मऊ आहे हो ही!" म्हणतात. तुम्हीही आलात तर म्हणा, माझी हरकत नाही. फक्त ऑर्विल आसपास असेल तर त्याला एकदा बोल्ट मिटायला सांगा. अंगठा तो खालून लावेलच. यावेळी मला वर उडायचं आहे.