पल्याडची भुरी

"टिकाराम, पोत्यात काय हाय गा?"

डोंगा नदीच्या मध्यावर आला होता. पुढच्या फळीवर बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या वासुदेवरावांनी एकदम पाय वर घेतले. त्यांच्या पायाशी ठेवलेलं पोतं हललं होतं.

"मांजर हाय," टिकाराम वल्हं न थांबवता म्हणाला.

"कोनाचं?"

"घरचंच."

वासुदेवरावांनी मांडीवरची पेटी सावरली. पवनीच्या घाटावर हे काही नवीन नव्हतं. मांजर मारलं तर पाप लागतं, म्हणून कोणी मारत नसे. नकोसं झालं की लोक ते टिकारामच्या हवाली करत आणि तो वैनगंगेपल्याड नेऊन सोडत असे. मधे पाणी असल्यावर मांजर परत येत नाही. अशी कितीतरी दुसऱ्यांची मांजरं त्यानं पोचवली होती. त्यांचं ओरडणं त्याच्या कानांना सवयीचं झालं होतं. ही घरची भुरी मात्र ओरडत नव्हती, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

तिला पकडायला काहीच त्रास पडला नव्हता. तो सकाळी अंगणात बसला, माशाचं मुंडकं हातात धरलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "ये ये, भुरे, ये ये." ती शेपूट ताठ करून धावत आली. मुंडकं पोत्याच्या तोंडाशी ठेवलं, तर अर्धी आपणहून आत शिरली.

पल्याड उतारू उतरून गेल्यावर त्यानं पोत्याची गाठ सोडली. भुरी बाहेर येईना. शेवटी त्यानं पोतं उलटं केलं. ती रेतीत उभी राहिली, अंग झाडलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मग झुडपांकडे चालू लागली. माशाचं मुंडकं तसंच पोत्यात राहिलं होतं.

टिकाराम जातीनं ढिवर, मासेमारी करणारा. बापानंतर घाटावरचा डोंगा त्याच्याकडे आला. बायको रंभाबाई बाजारात मासे विकायची. एकुलती एक मुलगी गुलाब करडी गावाला दिली होती. नवरा जागेश्वर धानाची शेती करणारा, बरा माणूस. पण दुसऱ्याच वर्षी धान रोवण्याच्या दिवसांत गुलाबला धाप लागू लागली. चिखलाच्या बांधीत उभं राहवेना. हंडा उचलला की ओठ निळे पडत. संक्रांतीच्या आधी जागेश्वरनं तिला बसनं आणून बापाच्या दारात सोडलं. "आठ दिवसांनी येतो न्यायले," म्हणाला. नंतर होळी जवळ आली तरी त्याचा पत्ता नव्हता. आणीबाणी उठून तेव्हा वर्ष होत आलं होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लहानपणी सांध्यांचा ताप आला असेल, त्यानं हृदयाची झडप खराब झाली आहे. ऑपरेशन मुंबईला होतं, पण आता तिच्यानं ते सोसवणार नाही. मांजराचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. ते काढलं शेजारच्या सुंदरबाईनं. भुरी रात्रंदिवस गुलाबच्या पायांवर झोपलेली असे. "त्याचे केस छातीत जातेत, मंग दम लागन नाई तं का?" सुंदरबाई म्हणाली, आणि रंभाबाईला ते पटलं. झडपेचं कोणाला काही करता येत नव्हतं. मांजराचं करता येत होतं.

त्या दिवशी दुपारी गुलाब भिंतीला टेकून बसली होती. "बाबा, भुरी कोठी गेली?" तिनं विचारलं.

टिकारामनं जाळ्याची गाठ उगाच दोनदा बांधली. "असन इकडंच कोठी."

"खरं सांगा."

"पल्याड सोडली. तुह्या भल्यासाठीच केलं, बाई."

भुरी निजायची त्या पायांवरून गुलाबनं हात फिरवला. मग एकेक शब्दाला दम घेत म्हणाली, "मलेबी भल्यासाठीच आनून सोडलं ना. आराम पडन म्हने."

रंभाबाई चुलीपुढून उठून बाहेर गेली. टिकारामनं जाळं गुंडाळून ठेवलं.

"घेऊन या तिले," गुलाब म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो निघाला. पल्याडच्या रेतीत केवळराम नावाचा माणूस दरवर्षी डांगराची वाडी लावायचा. टरबुजाला तिकडे डांगरच म्हणत; त्याचे वेल लांबवर पसरलेले, मधे त्याची झोपडी. भुरी त्या झोपडीच्या सावलीत बसलेली दिसली. टिकारामला हायसं वाटलं. तो उकिडवा बसला, मासा पुढे धरला आणि हाक मारली, "ये ये, भुरे, ये ये."

ती उठली, कान मागे पाडले आणि वेलांतून सरळ पळत सुटली.

त्याला वाटलं, खांद्यावरच्या पोत्याला भ्याली. दुसऱ्या दिवशी पोतं आणलं नाही. ती जरा जवळ आली, माशाचा वास घेतला. पण त्याच्या तोंडातून 'ये ये' निघालं मात्र, ती पुन्हा दिसेनाशी झाली. ज्या हाकेला ती डोळ्यांवरची झोप सोडून यायची, तीच हाक आता तिला नको झाली होती.

केवळराम झोपडीच्या दारातून पाहत होता. "म्या तिले एक डाव काठी मारली होती, दुधात तोंड घातलं म्हनून," तो म्हणाला. "दुसऱ्या रोजी आलीच पायाशी. तुमी असं काय केलं होतं तिले?"

"म्या कधी बोट लावलं नाई," टिकाराम म्हणाला. जरा थांबून त्यानं पुढे सांगितलं, "मासा दाखवला फक्त."

जाळं टाकून पकडणं त्याला अवघड नव्हतं. पळता मासा तो जाळ्यात घ्यायचा, तिथं मांजराची काय कथा. एक दिवस जाळं खांद्यावर टाकून तो निघाला, तर गुलाबनं पाहिलं.

"नोको बाबा. पुन्हा नोको पकडू तिले." आणि मग म्हणाली, "मलेच न्या ना तिकडे."

रंभाबाई नको म्हणत होती, तरी त्यानं मुलीला उचललं. घाटाच्या पायऱ्या उतरताना तिचं वजन त्याच्या हातांना जाणवलं नाही. डोंग्यात गोधडी अंथरली होती. सकाळचं ऊन कोवळं होतं. पल्याड रेतीत त्यानं तिला गोधडीवर बसवलं आणि तिनं सांगितल्याप्रमाणे आपण डोंग्याकडे मागे सरला.

गुलाबनं हाक मारली नाही. तेवढा दमच नव्हता. ती फक्त रेतीवर तळहात थोपटत राहिली. वेलांमधून आधी भुरीचं डोकं दिसलं. ती थांबली, टिकारामकडे पाहून घेतलं. मग वळसा घालून, त्याच्यापासून होईल तेवढं दूर राहून, ती गुलाबजवळ आली. पदर हुंगला, हात हुंगला आणि पायांवर चढून घरच्यासारखी वेटोळं करून बसली.

गुलाब हसली. सासरहून आल्यापासून तिला कोणी हसताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या वेळी भुरी पाण्यापर्यंत आली, पण डोंग्यात पाय ठेवीना. गुलाबनं तिला उचलून घेतलं नाही. "उद्या येतो," एवढंच म्हणाली.

मग तो परिपाठच झाला. घाटावरचे उतारू सोडून झाले की टिकाराम मुलीला न्यायचा. केवळरामची बायको तिला टरबुजाची फोड द्यायची. भुरी पायांवर झोपायची. टिकाराम लांब डोंग्यात बसून पाहायचा. गुलाबची धाप कमी झाली नाही. मांजर नसताना झाली नव्हती, आणि असतानाही नाही.

चैत्राच्या अखेरीस जागेश्वर आला. बापलेक पल्याड आहेत असं घाटावर कळलं, तसा तो दुसऱ्याच्या डोंग्यातून तिकडे पोचला. हातात द्राक्षांची पुडी होती. ऊन डोक्यावर आलेलं. तो गुलाबसमोर पुडी तशीच धरून, तिच्या सुकलेल्या अंगाकडे पाहत उभा राहिला.

गुलाबनं डोक्यावर पदर घेतला. "बसा," म्हणाली. सासू कशी आहे ते विचारलं. लंगडा बैल विकला की आहे तेही विचारलं.

"चुकलं माह्यं," जागेश्वर शेवटी म्हणाला. "चाल घरी. मायबी म्हनते आन म्हनून."

गुलाब भुरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रागावली नव्हती. रडलीही नाही. "द्राक्षं घरी माही माय ठेवन," ती म्हणाली आणि बापाकडे वळली. "बाबा, डोंगा काढा. ऊन झालं."

जागेश्वर त्यांच्याबरोबरच परत आला. घाटावरून एकटाच करडीला निघताना त्यानं सासऱ्याच्या पायांना हात लावला. टिकाराम त्याला रागानं काही बोलणार होता, पण बोलला नाही. त्याला स्वतःचं उलटं केलेलं पोतं आठवलं.

पुढे नदीला पाणी चढलं. डांगराची वाडी काढून झाली. केवळराम पल्याडच्या गावात राहायला गेला आणि डोंगा घाटावर बांधून पडला. गुलाब आता उठत नव्हती. ती दाराकडे तोंड करून निजे. तिथून घाटाचा एक तुकडा दिसायचा. श्रावणात एका दुपारी रंभाबाई तिला पेज भरवत होती. दोन घोट घेतल्यावर तिसरा आत गेला नाही.

नदी पुन्हा शांत झाली ती कार्तिकात. टिकारामनं डोंगा सोडला. गुलाब गेल्यावर घरी बसून करणार काय? पहिल्याच खेपेला बाजारच्या बाया भरल्या होत्या. डोंगा पल्याडला लागला तेव्हा भुरी काठावरच्या दगडावर बसलेली होती. केवळरामकडे तिचं बरं चाललं असावं, अंग भरलं होतं.

बाया एकेक करून उतरू लागल्या. भुरी दगडावरून खाली आली. पहिल्या बाईचं लुगडं हुंगलं, सोडून दिलं. दुसरीचं हुंगलं. एकीनं पाय झटकला, तर बाजूला होऊन पुढचीकडे गेली. टिकारामनं बांबू रेतीत रोवून डोंगा घट्ट धरून ठेवला. शेवटची म्हातारी टोपली सावरत उतरली. भुरीनं तिच्याही पदराचा वास घेतला. मग ती डोंग्याच्या रिकाम्या फळ्यांकडे पाहत उभी राहिली.

अलीकडे यायला निघालेले उतारू चढून बसले होते. तरी टिकाराम हलला नाही.

"काहून थांबला गा?" एकानं विचारलं. "कोनी यायचं हाय काय अजून?"

"नाई," टिकाराम म्हणाला. "कोनी नाई."

भुरी वळून झुडपांकडे चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यानं वाट पाहिली, आणि मग डोंगा पाण्यात लोटला.